बर्मिंगहॅमच्या कारखान्यांमधल्या कॅनॉलवरून नॅरोबोटने एक दिवस: जाताना जुनी लाइन, येताना नवीन लाइन

नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कॅनॉलवरची लांब, अरुंद बोट, म्हटलं की बहुतेकांना हिरवी कुरणं, मेंढ्या आणि छपरावर फुलांच्या कुंड्या ठेवलेली बोट असं काहीतरी आठवतं, आणि मग एका दिवसासाठी बोट घ्यायची झाली की लोक तशाच एखाद्या गावाकडच्या कॅनॉलवर जातात. ते छानच असतं, नाही म्हणत नाही. पण हातात एकच दिवस असेल आणि तुम्ही बर्मिंगहॅमच्या जवळपास असाल, म्हणजे जेएलआरमुळे (जॅग्वार लँड रोव्हर) पुण्याहून आलेली कितीतरी कुटुंबं इकडे आहेत, किंवा उन्हाळ्यात आई-बाबा आलेत आणि त्यांना मॉल आणि किल्ले सोडून काही दाखवायचंय, तर माझं स्पष्ट मत आहे की कारखान्यांमधला कॅनॉल घ्या.

त्याचं कारण असं की स्मेदिकला एक टेकडी आहे आणि ती ओलांडायला तीन इंजिनिअरांनी तीन वेगवेगळे उपाय केले. जेम्स ब्रिंडलीला १७६८-६९ च्या सुमारास तिथली माती इतकी भुसभुशीत लागली की टेकडी कापायचा नाद सोडून त्याने लॉक (बोट पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, गेटं असलेल्या टाक्या) बांधून कॅनॉल वरून नेला. पुढे १७९० पर्यंत जॉन स्मीटनने माथा, म्हणजे कॅनॉलचा सगळ्यात उंच टप्पा, १८ फूट खाली उतरवला आणि दोन्ही बाजूंचे तीन-तीन लॉक कमी केले. आणि १८२० च्या दशकात थॉमस टेलफर्डने सरळ टेकडीच चिरली, एकही लॉक नाही. या तिन्ही गोष्टी तुम्ही एका दिवसात, स्वतः बोट चालवत, स्वतः लॉकची गेटं ढकलत बघू शकता. हे मला दुसऱ्या कुठल्याही कॅनॉलवर एवढ्या थोडक्यात मिळालेलं नाही.

रूट आधी डोक्यात पक्का करा

सुरुवात शहराच्या मध्यभागी गॅस स्ट्रीट बेसिनला (बेसिन म्हणजे बोटी लावायची रुंद जागा). तिथून न्यू मेन लाइनने स्मेदिक जंक्शन, तिथे उजवीकडे वळून ओल्ड मेन लाइनवर तीन लॉक चढायचे, माथ्यावरून स्पॉन लेन जंक्शनपर्यंत जायचं, तिथले तीन लॉक उतरून ब्रॉमफर्ड जंक्शन, आणि तिथून डावीकडे जवळजवळ उलटं वळून टेलफर्डच्या न्यू मेन लाइनने परत. साधारण नऊ मैल आणि सहा लॉक. इथे वेळेचा एक सोपा हिशोब सगळे वापरतात: मैल अधिक लॉक, भागिले तीन, म्हणजे तास. नऊ अधिक सहा पंधरा, भागिले तीन, पाच तास. पहिल्यांदाच बोट चालवणार असाल तर त्यात दीड-दोन तास आणखी धरा आणि जेवणाचा एक तास वेगळा. म्हणजे सकाळी नऊला बोट हातात आली तर संध्याकाळी पाचपर्यंत आरामात परत.

दिशा उलटी करू नका असं मी आवर्जून सांगेन. सकाळी सगळे ताजेतवाने असतात तेव्हा चढणीचे लॉक होतात, चढताना लॉक शिकणं उतरण्यापेक्षा समजायला सोपं पडतं, आणि मुख्य म्हणजे आधी जुनी लाइन बघितली की मग येताना टेलफर्डने नक्की काय केलं ते कोणी न सांगता कळतं.

महिना म्हणाल तर मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली की पाचलाच अंधारतं आणि अंधारात भाड्याची बोट चालवायची परवानगी साधारणपणे नसतेच. नोव्हेंबर ते मार्चमध्ये लॉकची दुरुस्ती चालते त्यामुळे अधूनमधून रस्ता बंद असतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात पाणी कमी म्हणूनही बंद करतात. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट, म्हणजे सीआरटी, २०१२ पासून हे सगळं सांभाळते, त्यांच्या साइटवर बंद असलेल्या भागांची यादी असते, ती बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आदल्या दिवशी अशी दोनदा बघा.

बुकिंग करताना काय विचारायचं

डे बोट भाड्याने घ्यायला लायसन्स लागत नाही, बोटयार्डवाले अर्धा-पाऊण तास शिकवतात आणि बोट तुमच्या ताब्यात देतात. पण फोनवर सगळ्यात आधी हे विचारा की डे बोट लॉकमधून नेऊ देता का. बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. देत नसतील तर निराश होऊ नका, बिनलॉकचा पर्याय शेवटी दिलाय.

मग विचारा: किती माणसं चालतात, लाइफ जॅकेट देता का आणि लहान मुलांच्या मापाची आहेत का, टॉयलेट आणि गॅसची शेगडी आहे का, दोन विंडलास मिळतील का (लॉक फिरवायची एल आकाराची लोखंडी चावी, एक पाण्यात पडली तर दुसरी हवीच), आणि अँटी-व्हँडल की आहे का. ही शेवटची चावी छोटीशी असते पण बर्मिंगहॅमच्या कॅनॉलवर काही लॉकची पॅडल (पाणी सोडायच्या झडपा) पोरांनी खेळू नयेत म्हणून कुलूपबंद ठेवतात, ती नसेल तर तुम्ही लॉकपाशी नुसते उभे राहाल. प्रोपेलरमध्ये काही अडकलं तर स्वतः काढायचं की त्यांना फोन करायचा हेही आत्ताच विचारून ठेवा. याची गरज पडते, विशेषतः या रूटवर.

माणसं किती न्यायची? माझ्या मते सहा सगळ्यात चांगलं. एक टिलरवर (सुकाणूचा दांडा), दोन लॉकवर, एक मुलांकडे लक्ष ठेवायला, बाकी दोघं चहा आणि गप्पा. दहा जण भरले की उभं राहायला जागा नाही आणि सुकाणूवरच्या माणसाला पुढचं दिसत नाही.

बरोबर काय घ्यायचं

रबरी सोलचे बूट, प्रत्येकाला. लॉकच्या कडा ओल्या आणि गुळगुळीत झालेल्या विटांच्या असतात. रेनकोट, जूनमध्येसुद्धा. जुने जाड हातमोजे, दोर ओढताना हात सोलत नाहीत. लांब ओढणी, साडीचा पदर, गळ्यातला सैल स्कार्फ लॉकची पॅडल फिरवताना नको, दात्यांमध्ये कापड गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. आईला साडीच नेसायची असेल तर ती बोटीत पुढच्या बाजूला बसून मजेत प्रवास करेल, फक्त लॉकवर आणि मागे टिलरपाशी नको.

खाणं म्हणजे हाताने उचलून खाता येईल असं. थालीपीठ, ठेपले, दडप्या पोह्यांचा डबा, चिवडा. चहा बोटीवरच करा, चालत्या बोटीवरच्या चहाची मजा वेगळी आहे. पण कॅनॉलच्या पाण्याला हात लागला की साबणाने धुतल्याशिवाय खायचं नाही, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो इथेही होतो. मुंबईकरांना पावसाळ्यातल्या लेप्टोबद्दल जास्त सांगायला नको. हाताला जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावूनच या.

आणि बिअर असेल तर ती बोट परत दिल्यावर.

बोट चालवायला शिकणं

टिलर डावीकडे ढकललं की नाक उजवीकडे जातं. हे सगळ्यांना सांगतात आणि पहिल्या वीस मिनिटांत सगळे विसरतात, काही बिघडत नाही, वेग इतका कमी असतो. त्याहून महत्त्वाचं हे की बोट गाडीसारखी पुढच्या चाकांनी वळत नाही, ती साधारण मधल्या भागावर फिरते, म्हणजे नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे जातं, त्यामुळे वळताना मागे बघायची सवय ठेवा. ब्रेक नसतो. थांबायचं म्हणजे थ्रॉटल न्यूट्रलला, मग रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये टिलर जवळजवळ काहीच ऐकत नाही म्हणून आधी बोट सरळ करून मगच रिव्हर्स टाका. सगळं काही सेकंद उशिरा घडतं. टिलर हलवल्यावर थोडं थांबायचं, बोट वळायला लागली की लगेच सरळ करायला घ्यायचं, नाहीतर नागमोडी चालू होतं.

वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे पण प्रत्यक्षात तीनच पुरे. जास्त थ्रॉटल दिला तर मागचा भाग खाली बसतो, लाट काठावर फुटते आणि वेग वाढतच नाही. बांधलेल्या बोटींच्या जवळून जाताना अगदी हळू, त्या लोकांची घरं आहेत ती, आत शेगडीवर काहीतरी असतं. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे. एरवी मधोमध चालवा कारण कडेला गाळ आणि बरंच काही साठलेलं असतं.

दोन नियम मुलांनाही पाठ करून घ्या. हाता-पायाने बोट कशालाही ढकलायची नाही, दहा-पंधरा टनांचं पोलाद आहे ते, आणि भिंत आणि बोट यांच्यामध्ये सापडलेलं हाताचं बोट किंवा घोटा वाचत नाही. आणि छपरावर बसायचं नाही, पूल खूप खाली असतात. कोणी पाण्यात पडलंच तर पहिलं काम इंजिन न्यूट्रलला आणणं, दुसरं काम दोर किंवा रिंग टाकणं. बहुतेक ठिकाणी पाणी चार-पाच फूटच असतं, उभं राहता येतं, प्रोपेलर फिरत नसणं हे जास्त महत्त्वाचं.

गॅस स्ट्रीटवरून निघताना

गॅस स्ट्रीट बेसिनमध्ये वर्स्टर बार नावाचा एक अरुंद बांध दिसेल. दोन कॅनॉल कंपन्यांचं पाण्यावरून इतकं वाकडं होतं की १८१५ पर्यंत इथून बोट पलीकडे जाऊच देत नव्हते, सगळा माल एका बोटीतून उचलून बांधावरून दुसऱ्या बोटीत टाकायचे. आता तिथून सरळ जाता येतं. पुढे सिम्फनी हॉल, ब्रिंडलीप्लेस, बोटीवरून फोटो काढणारे लोक, आणि मग ओल्ड टर्न जंक्शनला मधोमध एक गोल बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून कॅनॉल फुटला तर पाणी खालच्या रेल्वे बोगद्यात जाऊ नये म्हणून अडसर घालायची सोय इथे केली होती. इथे हॉर्न वाजवून, हळू, डावीकडे न्यू मेन लाइनला लागायचं.

इथून स्मेदिक जंक्शनपर्यंत अडीच-तीन मैल सरळ आणि रुंद पाणी. हा भाग चालवायला शिकायलाच आहे, टिलर सगळ्यांना पाच-पाच मिनिटं द्या. दोन्ही बाजूंना जुने वळणदार लूप आत जाताना दिसतील, ब्रिंडलीची मूळ लाइन त्या वळणांनी जात होती, टेलफर्डने मधून सरळ रेघ मारली. बर्मिंगहॅम ते वुल्व्हरहॅम्प्टनचा साडेबावीस मैलांचा रस्ता त्याने सात मैलांनी कमी केला. टोपाथही (काठावरची, बोट ओढणाऱ्या घोड्यांची वाट) दोन्ही बाजूंना ठेवला, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या घोड्यांचे दोर एकमेकांत अडकू नयेत.

मध्येच कॅनॉल अचानक अरुंद होतो आणि मधोमध विटांचं छोटं बेट येतं. घाबरू नका, दोन्ही बाजूंनी एकेका बोटीपुरती वाट आहे. ही जकातीची ठिकाणं. बोट पाण्याच्या किती वर आहे ते इथे काठीने मोजायचे आणि त्यावरून आत किती टन कोळसा आहे ते काढून टोल घ्यायचे. वेग कमी करा, नाक मधोमध ठेवा, आपोआप निघून जाल.

स्मेदिक जंक्शनला ओतीव लोखंडाचे दोन सुंदर पूल आहेत, टिप्टनच्या हॉर्सली आयर्नवर्क्सचे. असे पूल दिवसभर भेटतील. एखाद्या पुलाजवळ बोट बांधली की काठावर उतरून कठड्याच्या कोपऱ्यावर हात फिरवा. घोड्यांच्या दोराने लोखंडात खाचा पाडल्यात, काही इतक्या खोल की अंगठा आत बसतो. ओला दोर, त्यात अडकलेली वाळू, आणि दीडशे वर्षं त्याच कोपऱ्यावरून ओढलेल्या कोळशाच्या बोटी. मला पूर्ण रूटवर सगळ्यात जास्त बोलणारी वस्तू हीच वाटते.

चढणीचे लॉक, स्मेदिक

इथे उजवीकडे वळा आणि पहिल्या लॉकच्या अलीकडे बोट बांधून घ्या. सगळ्यांना खाली उतरवून एकदा सगळं दाखवा, घाई नाही.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना गेट असलेली अरुंद टाकी, रुंदी सात फुटांहून किंचित जास्त आणि बोट सहा फूट दहा इंच, त्यामुळे आत शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम जागा उरते. गेटात आणि जमिनीत झडपा असतात त्यांना पॅडल म्हणतात, त्या विंडलासने उघडायच्या.

आधी बघा लॉक रिकामा आहे का. भरलेला असेल तर वरून कोणी बोट येतेय का ते बघा, येत असेल तर त्यांना आधी उतरू द्या, पाणी वाचतं. कोणी नसेल तर खालची पॅडल उघडून रिकामा करा. दोन्हीकडचं पाणी समान झालं की खालचं गेट उघडतं, त्याआधी कितीही जोर लावा हलत नाही, आणि लावायचाही नाही. गेटाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकवून पायाने रेटायचं, हाताने नव्हे. बोट अगदी हळू आत घ्या. आत आली की खालचं गेट बंद, खालची पॅडल बंद, दोन्ही बंद असल्याची खात्री करूनच वरच्या बाजूला जा.

आता वरचं पॅडल आधी अर्धंच उघडा. पाणी जोरात आत येतं आणि बोट पुढे-मागे ओढली जाते, टिलरवाल्याने थोडा थोडा थ्रॉटल देऊन ती जागेवर धरायची. बोट स्थिर झाली की पॅडल पूर्ण उघडा. लॉकवाल्याने पूर्ण वेळ टिलरवाल्याकडे बघत राहायचं, इंजिनच्या आवाजात हाका नीट ऐकू येत नाहीत म्हणून खुणा आधी ठरवून घ्या, हात वर म्हणजे थांब, पॅडल सोड. पाणी समान झालं की वरचं गेट उघडा, बोट बाहेर, गेट बंद, पॅडल बंद, कुलपाची असतील तर कुलूप. पॅडल खाली सोडताना विंडलासने फिरवूनच सोडायचं, धाडकन सोडून दिलं तर दाते तुटतात. आणि विंडलास कधीच दांडीवर लावून ठेवायची नाही, खटका सुटला तर ती गरगर फिरते आणि उडते.

एका लॉकला साधारण २५,००० गॅलन पाणी लागतं, म्हणजे एक लाख लिटरच्या वर, आणि ते प्रत्येक बोटीमागे माथ्यावरून खाली जातं. दोन्ही बाजूंना उतार असलेल्या माथ्यावर हे पाणी आणायचं कुठून हाच इथला खरा प्रश्न होता. म्हणून १७७९ मध्ये बोल्टन आणि वॉट यांचं वाफेचं इंजिन इथे बसवलं, लॉकमधून खाली गेलेलं पाणी परत वर चढवायला. तिसरा लॉक चढून वर आलात की डावीकडे जी अरुंद फाट्यासारखी वाट जाते ती इंजिन आर्म, त्या इंजिनवरूनच नाव पडलं.

या तीन लॉकच्या शेजारी दुसरी एक रांग होती, ती आता बुजवलेली आहे. धंदा इतका होता की एक रांग पुरत नव्हती.

जेवायला इथे थांबा

माथ्यावर ब्रासहाउस लेनपाशी १८९२ चं पंपिंग स्टेशन आहे, त्याच्या जवळपास बोट बांधा. बांधायच्या कड्या नसतील तर पिना (लोखंडी खुंटे) जमिनीत ठोकून, पुढचा आणि मागचा दोन्ही दोर, मागचा किंचित मागे तिरपा आणि पुढचा पुढे तिरपा म्हणजे बोट हलत नाही. टोपाथवरून आडवा दोर जाऊ देऊ नका, सायकली येतात. एक माणूस बोटीजवळ राहू दे, आणि इग्निशनची चावी खिशात.

चार-पाच मिनिटं चालत गेलं की स्मेदिक हाय स्ट्रीट. इथल्या ओतकाम कारखान्यांमध्ये १९५० नंतर हजारो पंजाबी माणसं कामाला आली आणि हा भाग त्यांचा झाला, गुरु नानक गुरुद्वारा इथेच आहे. त्याच्या समोर २०१८ मध्ये उभारलेला शीख सैनिकाचा दहा फुटी ब्राँझचा पुतळा आहे, पहिल्या महायुद्धात लढलेल्या भारतीय उपखंडातल्या सगळ्याच सैनिकांसाठी. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या, त्यामुळे तिथे दोन मिनिटं थांबावंसं वाटतं. डबा नको असेल तर या भागातले देसी पब मिक्स्ड ग्रिलसाठी प्रसिद्ध आहेत, टिलर धरणाऱ्याने मात्र लस्सी.

बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल आणि अर्धा दिवसच झेपणार असेल तर स्मेदिक रोल्फ स्ट्रीट स्टेशन इथून जवळ आहे, कोणालातरी बरोबर देऊन ट्रेनने परत पाठवता येतं. किंवा उलट, त्यांनी थेट इथे येऊन बोटीत चढायचं.

माथा आणि स्पॉन लेन

आता स्मीटनने खणलेली खोल वाट, दोन्ही काठांना झाडी, आणि १९७४ चा समिट टनेल नावाचा छोटा बोगदा. छोटा असला तरी हेडलाइट लावा. पलीकडे चान्स ब्रदर्सच्या काच कारखान्याच्या इमारती, आता पडक्या. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसची सगळी काच इथे बनली आणि जगभरच्या दीपगृहांची भिंगंही. काठाला लागून असलेल्या त्या विटांच्या भिंतींकडे बघताना बोट हळू करा, ही घाईत निघून जायची जागा नाही.

मग डोक्यावर एम फाइव्ह मोटरवे येतो, प्रचंड काँक्रीटचे खांब थेट पाण्यात आणि काठावर रोवलेले. जुनी लाइन इथे ओल्डबरीकडे डावीकडे जाते, आपल्याला उजवीकडचे स्पॉन लेन लॉक घ्यायचेत. वळण्याआधी बोट बांधून पाच मिनिटं पुढे चालत जा आणि स्ट्यूअर्ट ॲक्वेडक्ट, म्हणजे कॅनॉल वाहून नेणारा पूल, बघा. खाली टेलफर्डचा कॅनॉल, त्याच्यावरून आडवा ब्रिंडलीचा कॅनॉल, शेजारून रेल्वे, आणि सगळ्यांच्या वर मोटरवे. दोनशे वर्षांच्या वाहतुकीचे सगळे प्रकार एका ठिकाणी उभे दिसतात आणि ते कोणी देखावा म्हणून केलेलं नाही.

स्पॉन लेनचे तीन लॉक देशातल्या वापरात असलेल्या सगळ्यात जुन्या लॉकमधले आहेत. वरच्या लॉकपाशी मधोमध फट असलेला पूल आहे, घोडा न सोडता दोर त्या फटीतून घालता यावा म्हणून.

उतरताना सगळं उलट क्रमाने: आधी लॉक भरलेला हवा, वरून आत शिरा, वरचं गेट आणि पॅडल बंद, मग खालची पॅडल हळू उघडा. पण एक गोष्ट चढताना नव्हती ती इथे आहे आणि दिवसभरातला सगळ्यात मोठा धोका तोच आहे. वरच्या गेटाच्या आत पाण्याखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा ओटा असतो, त्याला सिल म्हणतात. भरलेल्या लॉकमध्ये तो दिसत नाही. पाणी उतरताना बोटीचं मागचं टोक त्याच्यावर टेकलं तर शेपूट वर अडकतं, नाक खाली जातं आणि बोट काही क्षणांत बुडू शकते. काठावर पांढरी रेघ आणि अक्षरं असतात, बोटीचा मागचा भाग, रडरसकट, त्या रेघेच्या पुढे ठेवा, आणि एका माणसाने पूर्ण वेळ फक्त तेवढंच बघायचं. बोट किंचित जरी तिरपी वाटली तर लगेच खालची पॅडल बंद आणि मग वरची उघडून परत पाणी भरा. उतरताना दोर काठावर घट्ट बांधूनही ठेवायचा नाही, बोट लटकते.

टेलफर्डच्या वाटेने परत

ब्रॉमफर्ड जंक्शनला बर्मिंगहॅमकडे वळण फार तीक्ष्ण आहे. छोटी डे बोट असेल तर हळू हळू पुढे-मागे करत वळते. लांब बोट असेल तर भांडत बसू नका, वुल्व्हरहॅम्प्टनच्या दिशेने थोडं पुढे पुडिंग ग्रीन जंक्शनपर्यंत जा, तिथे नाक उजवीकडच्या फाट्यात घालून बोट फिरवा आणि मागे या.

आता मगाशी ज्या ॲक्वेडक्टवर उभे होतात त्याच्या खालून जाल. मग काठ उंच उंच होत जातात, जवळपास सत्तर फूट, आणि वर गॅल्टन ब्रिज दिसतो. १८२९ चा, दीडशे फुटांची एकच लोखंडी कमान. ही दरी नैसर्गिक नाही, फावडी, घमेली आणि ढकलगाड्यांनी माणसांनी खणलेली आहे, आणि सकाळी आपण हाच चढ घाम गाळून तीन लॉकनी चढलो होतो. इंजिन न्यूट्रलला टाका, मागून कोणी येत नसेल तर बोट तशीच सरकू दे, आणि वर बघा. पुढे छोटा गॅल्टन टनेल, मग डोक्यावरून इंजिन आर्मचा लोखंडी ॲक्वेडक्ट, चर्चसारख्या कमानींचा, ज्यातून टेलफर्डने त्याच्या नवीन तलावाचं पाणी जुन्या माथ्याला पोचवलं. एक मोठा रस्ता करताना जुन्या रस्त्याला पाणी कमी पडू नये याची एवढी देखणी व्यवस्था केली, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

प्रोपेलरमध्ये काही अडकलं तर

या रूटवर हे होण्याची शक्यता बरीच. इंजिनचा आवाज जड झाला, काळा धूर आला, बोट थरथरते पण पुढे जात नाही, म्हणजे पिशवी किंवा कापड अडकलंय. आधी दोन-तीन सेकंद जोरात रिव्हर्स द्या, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर काठाला लावा, इंजिन बंद, चावी काढून खिशात, आणि बोटयार्डने परवानगी दिली असेल तर मागची वीड हॅच (प्रोपेलरपर्यंत हात पोचायचं झाकण) उघडून हातमोजे घालून सुरीने कापून काढा. हॅच परत बसवताना पूर्ण घट्ट, नाहीतर इंजिन चालू केल्यावर पाणी आत येतं आणि बोट बुडते.

आणि आपल्या लोकांना कळकळीने सांगायचंय. स्मेदिक-ओल्डबरीच्या पाण्यात लाल दोरा बांधलेले नारळ, पूजेचं वस्त्र, फुलांच्या प्लास्टिक पिशव्या तरंगताना दिसतात. श्रद्धा समजते, पण कॅनॉल वाहता नसतो, ते तिथेच राहतं आणि कोणाच्या तरी प्रोपेलरला गुंडाळतं. निर्माल्य घरच्या बागेत किंवा कंपोस्टमध्ये घाला आणि वस्त्र घरी धुऊन ठेवा.

लॉक नको असतील किंवा दिवस मोठा असेल तर

बिनलॉकचा रस्ता: गॅस स्ट्रीटवरून न्यू मेन लाइनने सरळ गॅल्टन ब्रिजच्या खालून जाऊन पुढे कुठेही बोट वळवून परत. लवकर निघालात तर डडली पोर्टच्या पुढे नेदरटन टनेलपर्यंतही एकच पातळी आहे, १८५८ चा, ३,०२७ यार्डांचा, आत दोन्ही बाजूंना टोपाथ, पण जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो आणि बोगदा लहान मुलांना लांब वाटतो. दुसऱ्या दिशेला वर्स्टर कॅनॉलने बोर्नव्हिलला कॅडबरीपर्यंतही लॉक नाहीत.

अनुभवी माणूस बरोबर असेल आणि जूनचा लांब दिवस असेल तर स्पॉन लेनला न उतरता जुन्या लाइनने थेट टिप्टन, तिथले फॅक्टरी लॉक तीन उतरून न्यू मेन लाइनने परत. लॉक तेवढेच सहा, पण मैल जवळपास दुप्पट. पहिल्या खेपेला नको.

बोट परत देताना

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी बेसिनमध्ये या, संध्याकाळी तिथे ट्रिप बोटींची गर्दी असते आणि दमलेल्या हातांनी रिव्हर्समध्ये बोट लावणं अवघड जातं. जमत नसेल तर नाक काठाला लावा, कोणालातरी दोर घेऊन उतरवा आणि हाताने ओढून घ्या, कोणी काही म्हणत नाही. विंडलास, अँटी-व्हँडल की, पिना आणि हातोडा मोजून द्या, कचरा आपला आपण घेऊन जा, कुठे जोरात आपटली असेल तर सांगून टाका.

आणि दुसरा दिवस मोकळा असेल तर मुलांना घेऊन मिलेनियम पॉइंटमधल्या थिंकटँक म्युझियमला जा. स्मेदिकला पाणी चढवणारं ते १७७९ चं इंजिन तिथे आहे, आणि ते अजून चालतं, चालू स्थितीतलं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून. ते रोज चालवत नाहीत, कधी चालवणार ते साइटवर बघून त्याच दिवसाचं तिकीट काढा.